ताब्याला पाच वर्षे पूर्ण होत आली आणि आता छुपे बांधकाम दोष उघड झाले : सोसायटीने कोणती कायदेशीर पावले टाकावीत?

प्रश्न : सोसायटी सचिव, रावेत

नमस्कार. पिंपरी-चिंचवडमधील रावेत येथे आमची २२ मजली इमारत असून तीत ८८ सदनिका आहेत. प्रकल्प महारेराकडे (महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणीकृत आहे, पहिल्या सदनिकेचा ताबा ऑगस्ट २०२१ मध्ये मिळाला आणि सोसायटीची नोंदणी त्याच्या पुढच्या वर्षी झाली. पश्चिमेकडील भिंतींना पहिल्या पावसाळ्यापासूनच ओल येत होती. दर वर्षी तक्रार केली की बिल्डरची माणसे येत, भेगांत क्रॅक फिलर भरून वरून रंगाचा हात मारत, आणि पुढच्या जुलैत पुन्हा पोपडे निघत. आम्हीही ही गळतीची नेहमीची कटकट आहे असे समजून चाललो होतो.

या जानेवारीत चौदाव्या मजल्यावरील एका सदनिकेत ड्रेनेजचा पाइप बदलायचा होता, म्हणून प्लंबरने डक्टच्या बाजूचे प्लास्टर फोडले. बीम आणि कॉलम जिथे मिळतात तिथे प्लास्टरच्या आत थर्माकोलचा तुकडा आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद कोंबलेला निघाला. तो ओढून काढल्यावर सुटी खडी हातात आली आणि सळईच्या मागे माझी दोन बोटे सहज गेली. सळईवर तांबूस गंज होता. प्लंबर एवढेच म्हणाला, "साहेब, इथं काँक्रीट पोहोचलेलंच नाही." त्यानंतर आम्ही पोडियमखालच्या पार्किंगमधील बीमवर हातोडीने हलकेच ठोकून पाहिले, तेव्हा आणखी दोन ठिकाणी पोकळ आवाज आला.

बिल्डरला ईमेल केला. "देखभालीचा अभाव आणि रहिवाशांनी केलेले अंतर्गत बदल यांमुळे हे झाले आहे, तरीही सौजन्य म्हणून दुरुस्ती करून देऊ," असे उत्तर आले. त्यांची माणसे लगेच सोमवारपासून काम सुरू करायला तयार आहेत. सभासदांत दोन तट पडले आहेत. फुकट दुरुस्ती होते आहे तर करून घ्यावी, असे काहींचे म्हणणे आहे, तर काहींना थेट न्यायालयात जायचे आहे. ऑगस्टमध्ये पाच वर्षे पूर्ण होतात. आमच्यापुढे नेमके कोणते मार्ग आहेत, आणि पहिले पाऊल कोणते असावे?

उत्तर १ : वकील, पुणे

सचिव महोदय, आपण हे ऑगस्टनंतर नव्हे तर आत्ता विचारत आहात, ही मोठी जमेची बाजू आहे. रेरा (स्थावर संपदा नियमन व विकास) कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनात्मक दोष, अथवा कारागिरी, दर्जा किंवा सेवा यांतील कोणताही दोष प्रवर्तकाच्या (म्हणजे बिल्डरच्या) निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांच्या आत, कोणतेही जादा पैसे न घेता दुरुस्त करून दिला पाहिजे, आणि तसे न केल्यास सदनिकाधारकांना भरपाई मिळण्याचा हक्क आहे. येथे "निदर्शनास आणून देणे" हे शब्द नीट लक्षात घ्या. पाच वर्षांच्या आत दोष कळवायचा आहे. तक्रार दाखल होऊन निकाल लागलाच पाहिजे, असे नाही. म्हणून पहिले पाऊल म्हणजे लेखी नोटीस, आणि ती अशी असावी की उद्या प्रवर्तकाला "आम्हाला हे कधी कळवलेच नाही" असे म्हणायला जागाच राहू नये.

ही नोटीस सोसायटीच्या लेटरहेडवर, पोचपावतीसह स्पीड पोस्टने, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि करारनाम्यात दिलेल्या पत्त्यावर अशी दोन्हीकडे पाठवा, शिवाय ईमेलही करा. प्रत्येक दोषाचा मजला, विंग, सदनिका किंवा सामाईक जागा, तो प्रथम दिसल्याची तारीख आणि छायाचित्राचा क्रमांक लिहा. "आणि तपासणीत उघड होणारे याच स्वरूपाचे इतर सर्व दोष" हे वाक्य घाला. ओल ही स्वतंत्र तक्रार म्हणून लिहा आणि काँक्रीटमधील पोकळी हा संरचनात्मक दोष म्हणून वेगळा लिहा; दोन्हींची सरमिसळ केली की उत्तर फक्त ओलीला येते. पूर्वीचे सगळे ईमेल आणि व्हॉट्सॲप संदेश तारीखवार लावून सोबत जोडा, कारण त्यांतून तक्रार पहिल्या पावसाळ्यापासून चालू आहे हे दिसते. सदनिकांच्या ताब्याच्या तारखा वेगवेगळ्या असल्या तरी सर्वांत आधीची तारीख धरून चाला. सर्वसाधारण सभेची वाट पाहत बसू नका; समितीच्या ठरावाने नोटीस पाठवा आणि तिला सभेची मंजुरी मागाहून घ्या.

देखभालीचा अभाव हा बचाव अपेक्षितच होता. पण प्लास्टरच्या आतील थर्माकोल रहिवाशाने ठेवलेला नसतो. आपल्या प्रकरणात तो तुकडा आणि तो कागद यांचे मोल फार मोठे आहे. दोन त्रयस्थ साक्षीदारांसमोर पंचनामा करून, मोहोरबंद पिशवीत ठेवून, सर्वांच्या सह्या घ्या. प्लंबरचे म्हणणे त्याच्या सहीनिशी लिहून घ्यायला विसरू नका.

आता मार्गांविषयी. महारेराकडे कलम ३१ खाली तक्रार करता येते आणि ती सदनिकाधारकांची संस्था म्हणून सोसायटीही करू शकते. येथे एक भेद अनेकांच्या लक्षात येत नाही. दोष दुरुस्त करण्याचा आदेश प्राधिकरण देते. भरपाईची रक्कम मात्र कलम ७१ खाली नेमलेला न्यायनिर्णय अधिकारीच ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात ही विभागणी स्पष्ट केली आहे. त्यामुळे दोन्ही हवे असेल तर अर्जही दोन करावे लागतात, आणि भरपाईच्या अर्जात आकडा पुराव्यानिशी मांडावा लागतो. प्रवर्तकाने आदेश पाळला नाही तर ठरलेली रक्कम कलम ४० नुसार जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आहे, मात्र जिल्हाधिकारी कार्यालयात त्या वसुलीचा पाठपुरावा आपल्यालाच करावा लागेल. आदेश विरुद्ध गेला तर अपील न्यायाधिकरणाकडे ६० दिवसांत जायचे असते.

ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. घरबांधणी ही सेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात म्हटले होते, आणि रेरा आल्यामुळे ग्राहक कायद्याचा दरवाजा बंद होत नाही, हे २०२० च्या इम्पीरिया स्ट्रक्चर्स निकालाने पक्के केले. मात्र तेथे दोन वर्षांची मुदत आहे. छुप्या दोषात ती दोष उघड झाल्यापासून मोजावी असा युक्तिवाद आपल्याला करता येईल, तरीही विलंब माफीचा अर्ज सोबत जोडलेला बरा. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग अशी विभागणी आहे. अनेक सदनिकाधारकांनी एकत्र तक्रार केल्यास सर्वांनी भरलेल्या रकमांची बेरीज धरली जाते, म्हणून ८८ सदनिका एकत्र आल्या की प्रकरण सरळ दिल्लीला जाते. एकच मागणी दोन्हीकडे करू नका. इमारत दुरुस्त करून घेणे हे आपले पहिले उद्दिष्ट असल्याने माझ्या मते महारेरा हाच आपल्यासाठी योग्य मार्ग आहे.

मोफा (सदनिकांच्या विक्रीविषयीचा महाराष्ट्राचा जुना) कायदा, १९६३ च्या कलम ७ मधील दोष कळवण्याची मुदत तीन वर्षांची असल्याने ती आपल्या बाबतीत उलटून गेली आहे. दिवाणी न्यायालयात जाण्याचा आग्रह धरणाऱ्या सभासदांना रेराचे कलम ७९ दाखवा. जे विषय रेराच्या अखत्यारीत येतात त्यांवर दिवाणी दावा चालत नाही. आपली कन्व्हेयन्स (जमीन व इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणे) झाली असली तरी दोषांची जबाबदारी संपत नाही, असे कलम ११(४)(अ) च्या परंतुकात स्पष्ट लिहिले आहे. प्रकल्पाच्या नोंदणीत जमीनमालकाचे नाव प्रवर्तक म्हणून आहे का, तेही महारेराच्या संकेतस्थळावर पाहा. असल्यास त्यालाही नोटीस पाठवा. उद्या बिल्डर कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर तिच्याविरुद्धची कार्यवाही स्थगितीत अडकते, अशा वेळी दुसरा जबाबदार पक्ष आधीपासून कागदावर असलेला बरा.

उत्तर २ : संरचना अभियंता, ठाणे

वकीलसाहेबांनी कायदा उत्तम सांगितला आहे. मी फक्त इमारतीविषयी बोलतो, कारण मला काळजी त्या चौदाव्या मजल्याच्या जोडाची वाटते.

आपण वर्णन केलेल्या प्रकाराला आम्ही हनीकोंबिंग म्हणतो. बीम-कॉलमच्या जोडात सळयांची दाटी असते, तिथे व्हायब्रेटर नीट फिरवला नाही किंवा शटरच्या (काँक्रीट ओतण्याच्या साच्याच्या) फटीतून सिमेंटचे पाणी वाहून गेले, की खडी तशीच राहते आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी पोकळी तयार होते. ही चूक साइटवर होऊ शकते, आणि शटर काढल्यावर ती डोळ्यांना दिसते. योग्य रीत म्हणजे सैल भाग फोडून, अभियंत्याला दाखवून, न आकसणाऱ्या ग्राउटने किंवा मायक्रोकाँक्रीटने भरणे. थर्माकोल कोंबून प्लास्टर करणे याचा अर्थ कोणीतरी ती पोकळी पाहिली आणि झाकली. मी २६ वर्षे या कामात आहे आणि अशी जागा उघडली की मला अजूनही संताप येतो, कारण तिच्या वर आठ मजले माणसे झोपलेली असतात.

पहिली गोष्ट, त्या जोडाच्या आजूबाजूला आजच स्टीलचे टेकू लावता येतात का, हे जवळच्या संरचना अभियंत्याला बोलावून विचारा. खटल्यासाठी जागा जशीच्या तशी ठेवणे आणि माणसे सुरक्षित ठेवणे यांत विरोध आला, तर माणसांना प्राधान्य द्या. आधी चारी बाजूंनी मोजपट्टी लावून छायाचित्रे आणि चित्रफीत घ्या, मग आधार द्या.

दुसरी गोष्ट, ऑडिट म्हणजे फिरून पाहणी करून लिहिलेले चार पानांचे पत्र नव्हे. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाची कठीणता पाहणारी) आणि अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून आतला भाग तपासणारी) या चाचण्या संपूर्ण इमारतीतील कॉलम आणि बीम यांच्या पुरेशा संख्येवर करून घ्या, पोकळ्या शोधायला दुसरी चाचणी विशेष उपयोगी पडते. सळईवरील आवरणाची जाडी कव्हर मीटरने मोजा. जिथे शंका आहे तिथे कोर (काँक्रीटचा दंडगोलाकार नमुना) काढा, मात्र जागा अभियंत्यालाच ठरवू द्या, कारण चुकीच्या ठिकाणी ड्रिल मारून सळई कापल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. आयएस ४५६ या काँक्रीटविषयीच्या भारतीय मानकाप्रमाणे तीन कोरांची सरासरी ताकद त्या वयाच्या अपेक्षित घन-ताकदीच्या (घनाकृती नमुन्यावर मोजल्या जाणाऱ्या ताकदीच्या) ८५ टक्क्यांपेक्षा कमी नसावी आणि एकही कोर ७५ टक्क्यांच्या खाली नसावा. त्याच कोरवर फिनॉल्फ्थेलिन शिंपडले की जिथपर्यंत काँक्रीटचा अल्कधर्म शिल्लक आहे तिथपर्यंत ते गुलाबी होते. गुलाबी न झालेला थर सळईपर्यंत पोहोचला असेल तर गंज का आला, ते कळते. क्लोराइडची (सळई गंजवणाऱ्या क्षारांची) चाचणी सोडू नका. चाचण्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्या.

क्लोराइडचा आग्रह का धरतो, तेही सांगतो. गुरुग्राममधील चिंटेल्स पॅराडिसो या संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी डी टॉवरमधील सहाव्या मजल्याचा भाग खाली कोसळत गेला आणि दोन महिलांचा मृत्यू झाला. त्यानंतर दिल्लीच्या आयआयटीने केलेल्या तपासणीत काँक्रीटमध्येच क्लोराइड आढळले. ही गोष्ट बाहेरून रंग देऊन किंवा भेगा बुजवून दिसेनाशी होते, थांबत मात्र नाही. आपल्याकडे तसेच आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण ते तसे नाही, हे प्रयोगशाळेच्या कागदावर असायला हवे.

बिल्डरच्या अभियंत्याला तपासणीच्या दिवशी लेखी निमंत्रण द्या. तो आला तर निष्कर्ष नाकारणे त्याला अवघड जाते, आणि न आल्यास ती अनुपस्थितीही नोंदवली जाते. रहिवाशांनी केलेल्या बदलांची प्रामाणिक यादीही आपणच आधी तयार करा. कोणी बाल्कनी आत घेतली असेल, कोणी स्वयंपाकघराची भिंत हलवली असेल, तर ते लपवू नका. त्या जागा आणि दोषाच्या जागा वेगळ्या आहेत हे नकाशावर दाखवता आले, की तो मुद्दा तिथेच संपतो.

उत्तर ३ : माजी अध्यक्ष, खारघर

आमच्या १८ मजली इमारतीत आम्ही जी चूक केली, ती आपल्याकडून होऊ नये म्हणून लिहीत आहे. आमच्याही बिल्डरने फुकट दुरुस्ती देऊ केली. पाचव्या वर्षाच्या दिवाळीआधी त्यांनी पॉलियुरेथेनची (गळती बुजवणाऱ्या रसायनाची) इंजेक्शने मारली, बाहेरून रंग दिला, आणि शेवटच्या दिवशी सुपरवायझरने एक छापील कागद पुढे केला. "काम समाधानकारक झाले असून सोसायटीची कोणतीही तक्रार शिल्लक नाही" असे त्यावर होते. मजूर टेम्पोत सामान भरत होते, सुपरवायझर घाईत होता, मी जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली आणि शिक्का मारला. पुढच्या पावसात लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साचले, आणि आमच्या नोटिशीला उत्तर म्हणून त्याच कागदाची झेरॉक्स आली.

पुढे सुनावणीत आमच्या वकिलांनी खूप प्रयत्न केले. गळतीचे नवे दोष मान्य झाले, पण ज्या बीमची दुरुस्ती त्या कागदात नमूद होती त्यांच्याबाबत आम्हाला तडजोड करावी लागली आणि खर्चाचा मोठा वाटा सभासदांवर आला. निवृत्त माणसांना ते हप्ते जड गेले. त्या सहीचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून सोमवारी येणाऱ्या माणसांना काम सुरू करू देऊ नका. दुरुस्तीला नकार देत आहोत असेही लिहू नका, कारण त्याचा उलटा वापर होतो. "आमच्या अभियंत्याच्या तपासणीनंतर, त्याने मान्य केलेल्या पद्धतीने आणि त्याच्या देखरेखीखाली दुरुस्ती करावी" असे उत्तर द्या. वॉटरप्रूफिंग करणाऱ्या ठेकेदाराने बिल्डरला दिलेले हमीपत्र असेल तर तेही मागून घ्या. अशी हमी बहुतेक वेळा दहा वर्षांची असते आणि सोसायट्यांना त्याचा पत्ताच नसतो.

मूळ प्रश्नकर्ता : सोसायटी सचिव, रावेत

आपणा तिघांचेही मनापासून आभार. आज सकाळी स्थानिक अभियंत्याला बोलावले. त्यांनी जोडाखाली टेकू लावून घेतले आणि शेजारच्या खोलीत वजनदार सामान ठेवू नये असे सांगितले. थर्माकोलचा पंचनामा झाला. बिल्डरला खारघरच्या साहेबांनी सुचवलेल्या शब्दांत उत्तर पाठवले.

तीन शंका उरल्या आहेत. आमच्याकडे १९ सदनिका मूळ खरेदीदारांनी विकल्या आहेत, त्या नव्या मालकांना हा हक्क आहे का? करारनाम्यात "केसासारख्या भेगा, ओल आणि तापमानामुळे होणारे बदल हे दोष मानले जाणार नाहीत" असे कलम आहे, त्याचे काय? आणि काही सभासदांना भीती वाटते की तक्रार महारेराच्या संकेतस्थळावर दिसली की सदनिकांच्या किमती पडतील; त्यांना काय सांगावे?

उत्तर ४ : वकील, पुणे

नव्या मालकांना हक्क आहे. रेराच्या कलम २(ड) मधील सदनिकाधारकाच्या व्याख्येत विक्रीने किंवा हस्तांतरणाने सदनिका घेणाराही येतो. मात्र पाच वर्षे पहिल्या ताब्यापासूनच धरा, नव्या खरेदीच्या तारखेपासून नव्हे.

करारनाम्यातील त्या कलमाने घाबरून जाऊ नका. कायद्याने दिलेले दायित्व करारातील वाक्याने कमी होत नाही, आणि महारेराच्या नमुना करारनाम्यातील दोष दायित्वाचे कलम प्रवर्तकाला आपल्या सोयीने बदलता येत नाही. शिवाय आपली तक्रार केसासारख्या भेगेची नाहीच. अभियंत्याच्या अहवालात "संरचनात्मक" हा शब्द कारणासह येऊ द्या, म्हणजे ते कलम लागूच होत नाही हे आपोआप दिसेल.

किमतीच्या भीतीविषयी मला थोडे स्पष्ट बोलावे लागेल. दोष माहीत असताना तो लपवून सदनिका विकणारा सभासद उद्या स्वतःच खरेदीदाराच्या दाव्याला सामोरा जाऊ शकतो, आणि समितीच्या इतिवृत्तात नोंद असल्याने "मला माहीत नव्हते" असे त्याला म्हणता येणार नाही. तक्रार करून इमारत दुरुस्त झाल्याचा आणि पुनर्तपासणीचा अहवाल हातात असेल, तर विकताना तो दाखवता येतो. ज्यांच्या डोक्यावर तो बीम आहे त्या चौदाव्या मजल्यावरील कुटुंबाला सभेत बोलू द्या, बाकीच्यांना मी सांगण्यापेक्षा त्यांचे म्हणणे ऐकणे जास्त उपयोगाचे ठरेल.

तडजोडीची तयारी दोन्ही बाजूंनी असेल तर महारेराचा सलोखा मंच आहे, तेथे ग्राहक संघटनेचे आणि विकसकांच्या संघटनेचे प्रतिनिधी एकत्र बसतात. तेथे जायला हरकत नाही, पण नोटीस पाठवल्यानंतरच जा, आणि जो समझोता होईल त्यात कामाची पद्धत, मुदत, देखरेख करणारा अभियंता, काम संपल्यानंतरची चाचणी आणि दुरुस्त भागाची नव्याने दिलेली हमी या गोष्टी लेखी असू द्या.

मूळ प्रश्नकर्ता : सोसायटी सचिव, रावेत

समितीचा ठराव आज संध्याकाळी झाला, नऊपैकी नऊ सदस्यांनी सही केली. नोटिशीचा मसुदा तयार असून तिला ४१ छायाचित्रे जोडली आहेत. जमीनमालकाचे नाव संकेतस्थळावर प्रवर्तक म्हणून सापडले, त्यांनाही प्रत जाईल. चाचण्यांसाठी प्रयोगशाळेने पुढच्या आठवड्यातील बुधवार दिला आहे आणि बिल्डरच्या अभियंत्याला त्या दिवसाचे निमंत्रण नोटिशीतच लिहिले आहे. उद्या सकाळी टपाल कार्यालय उघडताच मी स्वतः जाऊन दोन्ही पाकिटे देतो, आणि पोच आल्यावर येथे कळवतो.